खर्जाचा आवाज भिंतीत का मावत नाही?

लग्नसराईच्या दिवसांत भोकरदन किंवा परतूर तालुक्यातल्या एखाद्या गावाबाहेर, रात्रीच्या वेळी शेताच्या बांधावर उभे राहून कान द्या. दोन किलोमीटरवरच्या गावात वरात निघालेली असते. तेथे गाणी लागलेली असतात, माणसे ओरडत असतात. पण आपल्यापर्यंत काय पोहोचते? गाण्याचे शब्द नाहीत, चालही नाही. फक्त 'धम्, धम्, धम्' असा ठेका. वरात जवळ येऊ लागली म्हणजे त्या ठेक्यावर हळूहळू चाल चढते आणि शब्द सर्वांत शेवटी कळतात.

आता दुसरे उदाहरण घ्या. शेजारच्या घरात होम थिएटर लावून कोणी चित्रपट पाहत आहे. मधली भिंत विटांची आहे, दारे बंद आहेत. तरीही स्फोटाचा, विमानाचा, ढोलाचा दणका आपल्याकडे येतो आणि मांडणीवरची भांडी थरथरू लागतात. संवाद मात्र एकही कळत नाही.

या दोन्ही गोष्टींचे कारण एकच आहे. कमी वारंवारतेचा, म्हणजे खर्जातला आवाज इतर आवाजांपेक्षा वेगळा वागतो. तो निर्माण करणे अवघड, त्याची दिशा ओळखणे अवघड आणि त्याला अडविणे तर फारच अवघड. होम थिएटरमध्ये या आवाजासाठी निराळी मोठी पेटी का असते, 'पाच पूर्णांक एक' या नावातला तो 'एक' कोणता, आणि आपल्या खोलीतला दणका शेजारच्या घरात का जातो, हे आपण या लेखात क्रमाने पाहू.

तरंग किती लांब?

आवाज म्हणजे हवेच्या दाबात होणारी चढउतार. एका सेकंदात ही चढउतार जितक्या वेळा होते, ती त्या आवाजाची वारंवारता. ती हर्ट्झमध्ये मोजतात. माणसाचा निरोगी कान साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकतो. होम थिएटरच्या बाबतीत 'बेस' किंवा खर्ज म्हणतात तो साधारणपणे २० ते १२० हर्ट्झचा पट्टा.

हवेतील आवाजाचा वेग तापमानावर अवलंबून असतो. सेल्सियस तापमानाला ०.६ ने गुणून त्यात ३३१ मिळविले की हा वेग मीटर प्रतिसेकंदात जवळजवळ बरोबर मिळतो. जालन्यात मे महिन्याच्या दुपारी पारा ४० अंशांवर असेल तर आवाजाचा वेग ३५५ मीटर प्रतिसेकंद होतो. हिवाळ्यातल्या १० अंशांच्या पहाटे तो ३३७ असतो. आपण सोयीसाठी ३५० धरू.

वेगाला वारंवारतेने भागले की तरंगलांबी मिळते. म्हणून:

१०,००० हर्ट्झ : ३.५ सेंटिमीटर
१,००० हर्ट्झ : ३५ सेंटिमीटर
१०० हर्ट्झ : ३.५ मीटर
५० हर्ट्झ : ७ मीटर
२० हर्ट्झ : १७.५ मीटर

या आकड्यांकडे नीट पाहा. झांजेचा बारीक छणछणाट बोटाएवढ्या तरंगांचा असतो, तर २० हर्ट्झचा एकच तरंग एस.टी.च्या गाडीहूनही लांब असतो. हा सगळा लेख या एका फरकावर उभा आहे.

१०० हर्ट्झचा आवाज कसा असतो, हे ओळखण्यासाठी उपकरणाची गरज नाही. गावातल्या विजेच्या डीपीची घूं घूं आपण नेहमी ऐकतो. आपल्याकडे विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो. प्रत्येक आवर्तनात रोहित्रातील लोखंडी गाभा दोनदा सूक्ष्मसा ताणला जातो. त्यामुळे त्याच्या घुंईचा मूळ स्वर १०० हर्ट्झचा असतो. हा आवाज कुंपणाबाहेरून, रस्त्यावरूनच ऐकावा. डीपीजवळ मुळीच जाऊ नये.

लांब तरंगांचा एक गुण असा की, त्यांच्या मानाने लहान असलेल्या अडथळ्यांना ते सहज वळसा घालतात. यालाच विवर्तन म्हणतात. गावातले घर, झाड किंवा गोठा ७ मीटरच्या तरंगाला फारसा आडवा येत नाही. बोटाएवढ्या तरंगाची मात्र त्यामागे सावली पडते. दुसरे असे की, हवा स्वतःच उंच स्वरांची ऊर्जा अधिक शोषते आणि खर्जाची अगदी थोडी. दोन किलोमीटरवरून ठेका तेवढा का उरतो, याचे उत्तर येथे मिळाले. दूरच्या विजेचा कडकडाट न ऐकू येता नुसता गडगडाट ऐकू येतो, त्याचे मुख्य कारणही हेच.

आपला कान खर्जाला मंद

सर्व वारंवारतांना आपला कान सारखाच तीक्ष्ण नसतो. अगदी शांत जागी १,००० हर्ट्झचा स्वर ऐकू येण्यास सुमारे २ डेसिबेल पातळी पुरते. १०० हर्ट्झच्या स्वराला सुमारे २७, ५० हर्ट्झला ४४ आणि २० हर्ट्झला तब्बल ७८ डेसिबेल लागतात. डेसिबेलच्या मापात दर १० डेसिबेलला ध्वनीची तीव्रता दहापट होते, हे ध्यानात घेतले म्हणजे हा फरक किती प्रचंड आहे ते कळेल. ढोलाचा दणका कानाला साधाच वाटला तरी त्यामागे फार मोठी ऊर्जा खर्च झालेली असते.

आवाज कोणत्या बाजूने आला, हे आपण दोन कानांच्या मदतीने ओळखतो. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला थोडा आधी आणि थोडा मोठा ऐकू येतो, कारण डाव्या कानापुढे डोक्याची सावली पडते. आपले डोके सुमारे १८ सेंटिमीटर रुंद. बारीक तरंगांना ते चांगले अडवते. पण ८० हर्ट्झच्या तरंगाची लांबी ४ मीटरहून जास्त. त्याच्यापुढे डोके म्हणजे ओढ्यातला लहानसा दगड. दोन्ही कानांशी दाब जवळजवळ सारखाच असतो. त्यातच खोलीच्या भिंतींवरून परतलेले तरंग मिसळतात आणि मेंदूला दिशा ठरविता येत नाही.

म्हणूनच संवादांचे आणि संगीताचे ध्वनिक्षेपक पडद्याच्या डावीकडे, उजवीकडे असे विचारपूर्वक मांडावे लागतात. खर्जाची पेटी मात्र एकच असली आणि कोपऱ्यात ठेवली तरी प्रेक्षकाला दणका पडद्यावरूनच आल्यासारखा वाटतो.

मोठी पेटी कशासाठी? घागरीला विचारा

मोबाइल फोनवर कितीही मोठ्याने गाणे लावा, त्यातला ढोल घुमत नाही. याचे कारण ध्वनिक्षेपकाच्या पडद्याला ढकलाव्या लागणाऱ्या हवेत आहे. तेवढाच दाब निर्माण करायचा तर वारंवारता निम्मी झाली की पडद्याची हालचाल चौपट करावी लागते. समजा, एखादा छोटा पडदा १,००० हर्ट्झवर ०.०१ मिलिमीटर हलतो. ५० हर्ट्झ म्हणजे वारंवारतेचा विसावा भाग. तेव्हा हालचाल २० गुणिले २०, म्हणजे ४०० पट हवी. ती झाली ४ मिलिमीटर. फोनमधला इवलासा पडदा इतका हलूच शकत नाही. यावर उपाय दोन: पडदा मोठा करा आणि त्याला लांबवर पुढेमागे जाऊ द्या. होम थिएटरच्या सबवूफरमध्ये दोन्ही केलेले असते. त्याचा पडदा आठ, दहा किंवा बारा इंच व्यासाचा असतो.

अनेक सबवूफरच्या पेटीला एक गोल भोक आणि आत नळी असते. ती कशासाठी, हे घागरीकडून शिकावे. रिकाम्या घागरीच्या तोंडाशी 'ऊऽ' असा आवाज खालीवर करीत काढला, तर एका विशिष्ट स्वराला घागर घुमू लागते. घागरीच्या गळ्यातली हवा हे वजन आणि पोटातली हवा ही स्प्रिंग, अशी ती जोडी असते. पोट मोठे तर स्वर खालचा; पोट लहान तर स्वर वरचा. उन्हाळ्यात टँकरच्या नळीखाली घागर भरताना पाणी वर चढते तसा तिचा स्वर चढत जातो आणि न पाहताही 'भरत आली' हे आपल्याला कळते, ते यामुळेच. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात अशा पोकळ गोळ्यांचा उपयोग करून स्वरांचा अभ्यास केला. सबवूफरची पेटी व नळी यांची मापे अशी ठेवतात की ती जोडी खर्जातल्या एका स्वराला घुमावी आणि पडद्याला मदत करावी.

खर्ज मिळविण्याची आणखी एक युक्ती आपल्या हरिनाम सप्ताहात रोज दिसते. पखवाजाच्या डाव्या पुडीवर वादक ओली कणीक थापतात. कणकेमुळे पुडीचे वजन वाढते, तिची कंपने मंदावतात आणि बोल खाली उतरतो. जड पडदा, मंद कंपन, खालचा स्वर, असा हा नियम आहे. सबवूफरचा पडदाही लहान ध्वनिक्षेपकाच्या पडद्यापेक्षा जाड आणि जड असतो.

पाच आणि वर एक

आता चित्रपटाकडे वळू. १९७४ साली 'अर्थक्वेक' या अमेरिकी चित्रपटासाठी काही चित्रपटगृहांत खास प्रचंड ध्वनिक्षेपक बसविण्यात आले. भूकंपाच्या दृश्यात त्यांतून खर्जातला गडगडाट सोडला जाई आणि प्रेक्षकांना तो अंगावर जाणवे. या पद्धतीला 'सेन्सराउंड' असे नाव होते. १९७७ साली 'स्टार वॉर्स'च्या ७० मिलिमीटर प्रतींमध्ये सहा ध्वनिपट्ट्यांपैकी दोन खर्जासाठी वापरल्या गेल्या. पुढे १९८७ मध्ये टॉमलिन्सन होलमन या अमेरिकी ध्वनितंत्रज्ञाने 'पाच पूर्णांक एक' हे नाव सुचविले. १९९२ साली 'बॅटमॅन रिटर्न्स' या चित्रपटापासून डॉल्बीची अंकीय पद्धत चित्रपटगृहांत आली आणि १९९६ पासून बाजारात आलेल्या डीव्हीडीबरोबर ती घरांत पोहोचली.

या पद्धतीत पाच पूर्ण मार्ग असतात: समोर डावा, मध्य व उजवा, आणि श्रोत्याच्या बाजूला किंवा मागे डावा व उजवा. सहावा मार्ग फक्त खर्जातल्या परिणामांसाठी, म्हणजे स्फोट, भूकंप, गडगडाट अशांसाठी राखलेला असतो. त्याची वरची मर्यादा १२० हर्ट्झ आहे. पूर्ण मार्ग २०,००० हर्ट्झपर्यंत जातो. त्याच्या तुलनेत १२० हर्ट्झ म्हणजे ०.००६ भाग. खरे पाहता तो दशांशसुद्धा नाही! बोलण्याच्या सोयीसाठी त्याला 'पूर्णांक एक' म्हणतात, इतकेच.

या मार्गाची आणखी एक विशेष गोष्ट अशी की, तो वाजविताना मुख्य मार्गापेक्षा १० डेसिबेल चढवून वाजविण्याची तरतूद असते. कान खर्जाला मंद असतो, हे आपण पाहिलेच. स्फोट खरा वाटायचा तर खर्जाला जास्त जागा द्यावी लागते. १० डेसिबेल म्हणजे दहापट शक्ती.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'पूर्णांक एक' म्हणजे सबवूफर, असे पुष्कळ लोक समजतात. ते बरोबर नाही. 'पूर्णांक एक' हा ध्वनिमुद्रणातला एक मार्ग आहे. सबवूफर ही आपल्या घरातली एक पेटी आहे. भजनाच्या साध्या दोन मार्गांच्या ध्वनिमुद्रणात असा खास मार्ग मुळीच नसतो. तरीही पखवाज वाजताच सबवूफर घुमतो. याचे कारण, घरातले छोटे ध्वनिक्षेपक खर्ज पेलू शकत नाहीत. म्हणून ध्वनिवर्धक यंत्र प्रत्येक मार्गातला साधारण ८० हर्ट्झच्या खालचा भाग वेगळा काढून सबवूफरकडे पाठविते. म्हणजे सबवूफरकडे दोन प्रवाह येतात: खास परिणामांचा सहावा मार्ग, आणि इतर मार्गांतून गाळून आलेला खर्ज. शेतात दोन पाटांचे पाणी एकाच हौदात यावे, तसे हे आहे. दोन्हींची बेरीज होत असल्यामुळे सबवूफरची कळ थोडी जास्त फिरविली तरी सगळेच गाणे 'धम् धम्' होऊन बसते आणि संवाद बुडतात.

नावाचा विषय निघाला म्हणून सांगतो. आपल्याकडे मिरवणुकीतल्या ध्वनिक्षेपकांच्या भिंतीला सरसकट 'डॉल्बी' म्हणतात. रे डॉल्बी (१९३३ ते २०१३) हे अमेरिकी अभियंते १९६३ ते १९६५ या काळात संयुक्त राष्ट्रांचे सल्लागार म्हणून भारतातच काम करीत होते. १९६५ साली त्यांनी लंडनमध्ये आपली संस्था स्थापन केली. त्यांचा पहिला गाजलेला शोध कोणता होता? ध्वनिफितीवरची नको असलेली खरखर कमी करण्याचा! ज्याने खरखर घटविली, त्याचे नाव आपण दणदणाटाला दिले.

खोलीही वाद्यच आहे

चांगली यंत्रणा आणूनही घरात एखादा खर्जाचा स्वर नको इतका घुमतो आणि दुसरा हरवतो, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. दोष बहुधा यंत्राचा नसतो, खोलीचा असतो.

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये अर्धा तरंग नेमका मावला, तर जाणारे व परतणारे तरंग मिळून स्थिर तरंग तयार होतो आणि तो स्वर घुमू लागतो. त्याची वारंवारता काढण्याचे सूत्र सोपे आहे:

वारंवारता = आवाजाचा वेग ÷ (२ × भिंतींमधील अंतर)

आपल्याकडची नेहमीची खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच धरू. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर. ३५० ला ७.३२ ने भागल्यास सुमारे ४८ हर्ट्झ येतात. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, त्यावरून सुमारे ५७ हर्ट्झ. रुंदी आणि उंची सारखीच असल्यामुळे ५७ हर्ट्झचा स्वर दोन्ही दिशांनी घुमतो, म्हणजे दुप्पट उपद्रव. ही वारंवारता ऋतूप्रमाणे थोडी सरकतेही: ४८ च्या जागी हिवाळ्याच्या पहाटे ४६, तर मेच्या दुपारी ४८.५.

अशा स्थिर तरंगात दाबाचा चढउतार भिंतीशी सर्वांत जास्त आणि बरोबर मध्यावर सर्वांत कमी असतो. म्हणून भिंतीला टेकून बसलेल्या आजोबांना ४८ हर्ट्झचा दणका असह्य होतो, तर खोलीच्या मधोमध बसलेल्या नातवाला तोच स्वर फारसा ऐकू येत नाही आणि तो आवाज आणखी वाढवितो! कोपऱ्यात तीन पृष्ठे मिळतात. तेथे सबवूफर ठेवल्यास खोलीचे बहुतेक सर्व स्वर जोराने घुमतात.

यावर तंत्रज्ञ एक गमतीची युक्ती वापरतात. सबवूफर आपल्या बसण्याच्या जागी ठेवायचा, खर्ज असलेले संगीत हळू आवाजात लावायचे आणि आपण भिंतीच्या कडेने रांगत फिरायचे. जेथे ठेका सारखा आणि स्वच्छ ऐकू येईल, तेथे सबवूफर ठेवायचा आणि आपण आपल्या जागी येऊन बसायचे. आवाज देणारा आणि ऐकणारा यांनी जागा बदलल्या तरी दोघांमधला मार्ग तोच राहतो, या तत्त्वावर ही युक्ती चालते.

भिंत कशी हरते?

आता शेजाऱ्याच्या प्रश्नाकडे येऊ. आवाज भिंतीवर आदळतो, भिंत किंचित हलते आणि तिच्या पलीकडची हवा हलवते. भिंत जितकी जड, तितकी ती हलविणे अवघड. ढोबळ नियम असा: भिंतीचे दर चौरस मीटरचे वजन दुप्पट केले की ती ६ डेसिबेल जास्त आवाज अडवते. पण वारंवारता निम्मी झाली की तीच भिंत ६ डेसिबेल कमी अडवते. मंद धक्क्याला भिंत हलायला सवड मिळते, असे म्हणा.

जालना जिल्ह्यातल्या घरांवरच हा नियम लावून पाहू. नऊ इंची, गिलावा केलेल्या विटांच्या भिंतीचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ४०० किलो. अर्धा मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचे सुमारे ४ किलो. शंभरपट फरक, म्हणजे नियमाप्रमाणे ४० डेसिबेलचा फरक. पत्र्याच्या घरात शेजारचे सर्व काही ऐकू येते ते यामुळे. उलट जुन्या माळवदाच्या घराची दगडमातीची दोन फुटी भिंत दर चौरस मीटरला हजार किलोहून जड भरते. उन्हाळ्यात ती उकाडा थोपविते, तसाच आवाजही पुष्कळ थोपविते. मात्र दार किंवा खिडकी उघडी राहिली, तर कोणत्याही भिंतीचा उपयोग नाही.

आणि भिंत विटांची असली तरी १,००० हर्ट्झ आणि ५० हर्ट्झ यांत वीसपट अंतर आहे; नियमाप्रमाणे खर्जाला ती सुमारे २६ डेसिबेल कमी अडवते. प्रत्यक्ष भिंती या नियमापासून थोड्या इकडेतिकडे होतात, पण दिशा हीच. संवाद भिंतीत अडकतात, दणका पार होतो.

मापक काय सांगत नाही

आपल्या देशात ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० लागू आहेत. निवासी क्षेत्रासाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबेलहून जास्त वर जाता कामा नये, अशीही तरतूद आहे.

हे डेसिबेल 'ए' नावाच्या श्रेणीने मोजतात. कान खर्जाला मंद असतो म्हणून या श्रेणीत खर्जाचे माप कमी धरतात: १०० हर्ट्झला १९ आणि ५० हर्ट्झला ३० डेसिबेल वजा. आता गणित करा. तुमच्या खोलीत ५० हर्ट्झचा दणका ८० डेसिबेलने येत आहे. 'ए' श्रेणीचा मापक दाखवील फक्त ५०, दिवसाच्या मर्यादेत! पण ५० हर्ट्झ ऐकू येण्यास ४४ डेसिबेल पुरतात. म्हणजे तो दणका ऐकू येण्याच्या पातळीपेक्षा ३६ डेसिबेल वर आहे आणि शांत खोलीत तो स्पष्ट जाणवणारच. 'ए' श्रेणी मंद आवाजांच्या ऐकण्यावरून बेतलेली आहे. आवाज चढतो तसा खर्ज आपल्याला झपाट्याने मोठा वाटू लागतो. यासाठी मापकावर 'सी' नावाची दुसरी श्रेणीही असते. ती ५० हर्ट्झला जेमतेम सव्वा डेसिबेल वजा करते. दोन्ही श्रेणींत मोजून फरक पाहिला, तर त्या आवाजात खर्ज किती आहे हे लगेच कळते.

तेव्हा परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा किंवा घरातला आजारी माणूस 'त्रास होतो' म्हणत असेल आणि मापकाचा आकडा लहान असेल, तरी ती माणसे खोटे बोलतात असे नव्हे. मापकाला काय विचारले, यावर त्याचे उत्तर अवलंबून असते.

घरापुरते उपाय साधे आहेत. रात्री सबवूफरची कळ मुख्य आवाजापेक्षा आधी कमी करावी. शब्द तेवढेच ऐकू येतात आणि शेजारी झोपू शकतो. पेटी सामाईक भिंतीपासून दूर ठेवावी. तिच्याखाली रबराची जाड गादी घालावी, म्हणजे पेटीची थरथर फरशीत कमी उतरते. गादीने हवेतला आवाज मात्र थांबत नाही, हे लक्षात असू द्या. पातळ पडदे किंवा अंड्यांचे ट्रे भिंतीला लावून खर्ज अडत नाही. ७ मीटरच्या तरंगाला दोन इंचांचा अडथळा म्हणजे काहीच नाही.

करून पाहा

१. एक घागर आणि एक लहान तांब्या घ्या. दोन्हींच्या तोंडाशी 'ऊऽ' असा स्वर खालून वर नेत काढा. कोणते भांडे कोणत्या स्वराला घुमते? घागरीत अर्धे पाणी भरून पुन्हा पाहा.

२. घरात एखादे गाणे मध्यम आवाजात लावा. आधी खोलीत, मग दार बंद करून बाहेर, मग शेजारच्या खोलीत उभे राहा. प्रत्येक ठिकाणी शब्द, चाल, टाळ आणि ठेका यांपैकी काय ऐकू येते याचा तक्ता करा.

३. शाळेत सबवूफर उपलब्ध असल्यास शिक्षकांनी खोलीच्या लांबीवरून घुमणारी वारंवारता काढून घ्यावी आणि तेवढाच स्वर फोनवरील स्वरनिर्मितीच्या अ‍ॅपमधून अगदी हळू वाजवावा. विद्यार्थ्यांनी एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत सावकाश चालत जावे आणि आवाज कोठे कमी होतो तेथे खडूने खूण करावी. खूण मध्यावर येते का? आवाज वाढविण्याचा मोह टाळावा. मोठा सलग स्वर कानालाही वाईट आणि ध्वनिक्षेपकालाही.

स्वाध्याय

१. एका वर्गखोलीची लांबी ७ मीटर व रुंदी ५ मीटर आहे. आवाजाचा वेग ३५० मीटर प्रतिसेकंद धरून दोन्ही दिशांची सर्वांत खालची घुमणारी वारंवारता काढा.

२. छोट्या ध्वनिक्षेपकाचा पडदा ४०० हर्ट्झवर ०.०५ मिलिमीटर हलतो. १०० हर्ट्झवर तेवढाच दाब निर्माण करण्यास तो किती हलावा लागेल?

३. ध्वनिमुद्रणात सहावा मार्ग नसतानाही सबवूफर का वाजतो?

४. एका खोलीच्या पातळ भिंतीचे वजन चौपट केले. ढोबळ नियमाप्रमाणे किती डेसिबेल जास्त अडतील?

उत्तरे: १. २५ हर्ट्झ व ३५ हर्ट्झ. २. ०.८ मिलिमीटर. ३. ध्वनिवर्धक यंत्र इतर मार्गांतला खर्ज गाळून त्याच्याकडे पाठविते म्हणून. ४. १२ डेसिबेल.